पाण्यातला रंगीत धागा: स्वस्त साधनांनी घडवलेले आणि शिकवलेले एक शास्त्र

१/
विमानाचा पंख, धरणाचा सांडवा, धमनीतले रक्त आणि मोसमी वारे या सर्वांना लागू पडणारे शास्त्र म्हणजे द्रायुयामिकी. द्रव आणि वायू या दोहोंना मिळून मराठीत 'द्रायू' म्हणतात. त्यांच्या गतीचा आणि त्यांवर कार्य करणाऱ्या बलांचा हा अभ्यास. या विषयाच्या प्रयोगशाळेचे नाव काढले, की आज प्रचंड विंड टनेल, लेझर आणि महासंगणक डोळ्यांपुढे उभे राहतात.

२/
परंतु या शास्त्राच्या इतिहासातील काही निर्णायक प्रयोग काचेची नळी, पत्र्याचे उथळ पात्र, हाताने फिरवायचे चाक आणि लाकडाची तरंगती काडी एवढ्याच सामग्रीवर झाले. पुढे यांतील बरीचशी साधने वर्गातही आली. स्वस्त साधनातून शास्त्र घडते ते नेमके कशामुळे, हे या थ्रेडमध्ये पाहू.

३/
प्रारंभ एका पेचापासून. १७५२ साली फ्रेंच गणिती द'अलांबेर याचे गणित प्रसिद्ध झाले. घर्षणरहित आदर्श द्रवातून एकसारख्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला कोणताही विरोध होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आकडेमोडीत चूक नव्हती. मात्र नदीत होडी वल्हवणाऱ्या कोणालाही हा निष्कर्ष खोटा आहे हे ठाऊक होते. 'द'अलांबेरचा विरोधाभास' म्हणून तो पुढे प्रसिद्ध झाला.

४/
या पेचामुळे विषयाची दोन घरे झाली. एका घरात गणिती होते. त्यांची समीकरणे देखणी होती, पण त्यांचा पाण्याशी संबंध बेताचाच. दुसऱ्या घरात कालवे, पूल आणि नळ बांधणारे अभियंते होते. त्यांच्याजवळ अनुभवातून आलेली सूत्रे होती, पण ती का लागू पडतात याचे उत्तर नव्हते. १८२२ मध्ये नाव्ये आणि १८४५ मध्ये स्टोक्स यांनी समीकरणांत श्यानता, म्हणजे द्रवाचे अंतर्गत घर्षण, आणली. तरी ही समीकरणे मोजक्याच साध्या प्रसंगी सुटत.

५/
नळांच्या बाबतीत तर दोन नियम आपसांत भांडत होते. १८३९ मध्ये जर्मन अभियंता हागेन याने आणि त्याच सुमारास फ्रेंच वैद्य प्वाझय याने बारीक नळ्यांवर मोजमापे केली. त्यांना दाबातील घट वेगाच्या समप्रमाणात आढळली. १८५७ मध्ये दार्सीने मोठ्या नळांवरील मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत वेग दुप्पट झाला की घट जवळजवळ चौपट होई. पाणी तेच, मग नियम दोन कसे?

६/
या प्रश्नाला हात घातला मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी. जन्म १८४२, बेलफास्ट. केंब्रिजला गणित शिकण्यापूर्वी त्यांनी एका यांत्रिक अभियंत्याच्या कारखान्यात उमेदवारी केली होती. १८६८ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, ते ओवेन्स कॉलेजात अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. पुढे इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. थॉमसन याच कॉलेजात त्यांचे विद्यार्थी होते.

७/
रेनल्ड्स यांचे उपकरण असे होते: काचेच्या बाजू असलेली सुमारे ६ फूट लांब, दीड फूट रुंद आणि तितकीच खोल टाकी. तिच्यातील पाण्यात आडवी बुडवलेली काचेची नळी. नळीच्या तोंडाशी लाकडाचे, कर्ण्यासारखे पसरट मुख, म्हणजे पाणी आत शिरताना खळबळणार नाही. टाकीबाहेर खाली उतरणारा नळ, त्यावर झडप आणि झडप हलवायला लांब दांडा. नळीच्या मुखाशी बारीक धारेने सोडलेले रंगीत पाणी. बस, एवढेच.

८/
झडप किंचित उघडली की रंगाची रेघ नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाई, जणू पाण्यात ताणून धरलेला धागा. वेग वाढवत नेला की एका क्षणी, मुखापासून काही अंतरावर, तो धागा एकाएकी विस्कटे आणि पुढची सारी नळी रंगाने भरून जाई. विजेच्या ठिणगीच्या क्षणिक उजेडात पाहिले असता त्या रंगात स्पष्ट भोवरे दिसत. पहिल्या प्रवाहाला आज 'स्तरीय' आणि दुसऱ्याला 'संक्षुब्ध' म्हणतात.

९/
दोन नियमांचे भांडण इथे मिटले. बारीक नळीत आणि मंद वेगात धागा अखंड राहतो, तिथे हागेन व प्वाझय यांचा नियम खरा. मोठ्या नळात आणि अधिक वेगात धागा तुटतो, तिथे दार्सी खरा. दोघेही आपापल्या जागी बरोबरच होते; एका अवस्थेतून दुसरीत जाण्याची सीमा तेवढी कोणी आखली नव्हती.

१०/
रेनल्ड्स यांचे मोठेपण ही सीमा आकड्यात पकडण्यात आहे. वेग, नळीचा व्यास आणि द्रवाची घनता यांचा गुणाकार करून त्याला श्यानतेने भागायचे. येणाऱ्या संख्येला कोणतेच एकक नसते. ही संख्या सुमारे २००० च्या खाली असेल, तर नळीतली खळबळ आपोआप विरते. पाणी, तेल, हवा, लहान नळी, मोठा नळ या सर्वांना हाच निकष. १८८३ साली हा निबंध रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. १९०८ मध्ये झोमरफेल्ड यांनी या संख्येला रेनल्ड्स यांचे नाव दिले.

११/
या आकड्याचे वजन घरच्या मापाने पाहता येते. १ सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून २० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने वाहत असेल, तर रेनल्ड्स अंक २००० च्या आसपास येतो. या वेगाने लिटरभर पाणी भरायला साधारण ६४ सेकंद लागतात. म्हणजे एक मापाचे भांडे आणि एक घड्याळ असले की रेनल्ड्स अंक काढता येतो. त्याला महागडे प्रवाहमापक लागत नाही.

१२/
हे उपकरण मँचेस्टर विद्यापीठात आजही जपलेले आहे. त्याची एक गंमत प्रसिद्ध आहे. टाकीतले पाणी अतिशय शांत ठेवून रेनल्ड्स यांनी सुमारे १३,००० या अंकापर्यंत धागा अखंड राखला होता. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी त्याच उपकरणावर प्रयोग केला, तेव्हा धागा त्याहून बराच लवकर तुटला. कारण? शहरातील आधुनिक रहदारीने बसणारे हादरे! घोडागाड्यांच्या काळातील रस्त्याची शांतता हाही त्या प्रयोगाचा एक घटक होता.

१३/
रेनल्ड्स यांच्यापाशी निदान प्राध्यापकाची खुर्ची होती. ब्राउनश्वाइग या जर्मन शहरातील आग्नेस पॉकेल्स यांच्यापाशी तीही नव्हती. जन्म १८६२, व्हेनिस. शाळेत पदार्थविज्ञानाची गोडी लागली, पण त्या काळी जर्मन विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम हेच त्यांच्या वाट्याला आले. धाकटा भाऊ फ्रिडरिश पदार्थविज्ञान शिकत होता. त्याच्याकडून पुस्तके मिळत, एवढाच आधार.

१४/
विशीच्या आसपास त्यांनी घरच्या घरी पाण्याच्या पृष्ठभागावर प्रयोग सुरू केले. साधन होते ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर उंच असे पत्र्याचे पात्र. ते काठोकाठ पाण्याने भरायचे. त्यावर पत्र्याची पट्टी आडवी ठेवायची, खालची बाजू पाण्याला टेकेल अशी. पट्टी सरकवली की तिच्या एका बाजूचा पृष्ठभाग आकसतो आणि दुसऱ्या बाजूचा पसरतो.

१५/
पाण्यावर टेकवलेली एक छोटी चकती उचलण्यासाठी किती बल लागते, हे त्या तराजूने मोजत. त्यावरून पृष्ठताण कळे. पाण्यावर तेलकट द्रव्याचा अतिसूक्ष्म थर असेल आणि पट्टी सरकवून तो आकसत नेला, तर काही काळ पृष्ठताण फारसा बदलत नाही. मात्र एका ठरावीक क्षेत्रफळाखाली गेल्यावर तो झपाट्याने उतरू लागतो. शिवाय त्याच पट्टीने पृष्ठभाग केरासारखा लोटून स्वच्छ करता येतो, हेही त्यांनी दाखवले.

१६/
सुमारे दहा वर्षे हे निष्कर्ष घरातच राहिले. इंग्लंडचे लॉर्ड रॅले अशाच विषयावर काम करीत आहेत असे कळल्यावर, जानेवारी १८९१ मध्ये पॉकेल्स यांनी त्यांना जर्मन भाषेत पत्र लिहिले. रॅले यांनी पत्राचे इंग्रजी भाषांतर 'नेचर' या नियतकालिकाकडे शिफारशीसह पाठवले. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते छापून आले. एका गृहिणीचे काम आपल्या नावे खपवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही, ही नोंद घ्यावी अशी गोष्ट.

१७/
तेच तत्त्व पुढे सुधारून अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्युर यांनी रेणूच्या जाडीचे थर अभ्यासले. १९३२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना पृष्ठभागांच्या रसायनावरील संशोधनासाठी मिळाले. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने सत्तरीच्या पॉकेल्स यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९३५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्र्याच्या पात्राचे वंशज आज जगभरातील प्रयोगशाळांत आहेत.

१८/
हे झाले संशोधन. शिकवण्याचे काय? पॉकेल्स यांच्या पत्राच्या वर्षभर आधी, १८८९ चा डिसेंबर आणि १८९० चा जानेवारी या दरम्यान, सी. व्ही. बॉइझ यांनी लंडनमध्ये मुलांसाठी साबणाच्या फुग्यांवर व्याख्याने दिली. १८९० मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. फुगे, थेंब आणि पाण्याच्या धारा यांतून त्यांनी पृष्ठताण शिकवला. पुस्तकाच्या अखेरीस हे प्रयोग घरी कसे करावेत याच्या सूचना जोडल्या होत्या. वाचकाने केवळ थक्क होऊन थांबू नये, स्वतः करून पाहावे, ही भूमिका त्यामागे होती.

१९/
द'अलांबेरचा पेच मात्र अजून सुटायचा होता. ऑगस्ट १९०४ मध्ये हायडेलबर्ग येथे तिसरी आंतरराष्ट्रीय गणित परिषद भरली. तिथे हानोवरचे २९ वर्षांचे प्राध्यापक लुडविग प्रांट्ल यांनी एक छोटा निबंध वाचला. त्यातील छायाचित्रे एका पाण्याच्या लहान पन्हाळातील होती. पाणी फिरवण्यासाठी वल्ह्यांचे चाक, आणि ते चाक हाताने फिरवायचे! प्रवाह दिसावा म्हणून पाण्यात अभ्रकासारख्या चकचकीत खनिजाचा बारीक चुरा टाकलेला.

२०/
प्रांट्ल यांचे म्हणणे असे: घर्षणाचा प्रभाव वस्तूला लगटून असलेल्या अतिशय पातळ थरापुरता असतो. त्याबाहेर गणित्यांचा आदर्श द्रव जवळजवळ खरा ठरतो. पण हा 'सीमास्तर' वस्तूच्या मागील बाजूस पृष्ठभागापासून सुटतो, भोवरे उठतात आणि विरोध निर्माण होतो. दंडगोलाच्या फटीतून तो थर शोषून घेतला, तर प्रवाह सुटत नाही, हेही त्यांनी छायाचित्रांतून दाखवले. १५२ वर्षांची कोंडी फुटली आणि विषयाची दोन घरे पुन्हा एक होऊ लागली.

२१/
विसाव्या शतकाच्या मध्यावर विषय गुंतागुंतीचा झाला, समीकरणे वाढली, आणि अनेक विद्यार्थी प्रवाह प्रत्यक्ष न पाहताच पदवी घेऊ लागले. १९६० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीचे अ‍ॅशर शापिरो यांच्या नेतृत्वाखाली द्रायुयामिकीवर शैक्षणिक चित्रपटांची मालिका तयार झाली. सरकारी निधीतून बनलेले हे उत्तम चित्रपट आज आंतरजालावर मोफत पाहता येतात. ज्या महाविद्यालयात साधने नाहीत, तिथेही प्रवाह दिसू लागला. पण पाहणे आणि करणे यांत अंतर उरतेच.

२२/
हे अंतर खुद्द शापिरो जाणून होते. न्हाणीतले पाणी उतरताना उत्तर गोलार्धात डावीकडे आणि दक्षिण गोलार्धात उजवीकडे फिरते, ही समजूत सर्वत्र आढळते. १९६२ साली शापिरो यांनी ती तपासली. ६ फूट व्यासाची सपाट तळाची गोल टाकी, ६ इंच पाणी, मधोमध बारीक छिद्र आणि वर तरंगणारी लाकडी काड्यांची छोटी फुली. यात महाग असे काहीच नव्हते.

२३/
महाग होता तो वेळ. टाकी भरताना पाण्याला मिळालेली फिरकी तासा-दोन तासांत जात नाही. त्यामुळे लवकर बूच काढले की पाणी भरण्याच्या दिशेनेच फिरते. शापिरो यांनी टाकी झाकून २४ तास थांबण्याचा नियम केला. मग बूच काढल्यावर पहिली काही मिनिटे फुली स्तब्ध असे आणि अखेरीस ती घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागे. १९६५ मध्ये सिडनीत असाच प्रयोग झाला, तेव्हा फिरकी घड्याळाच्या दिशेने आली.

२४/
म्हणजे समजूत खरी की खोटी? पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम खरा आहे, पण इतका क्षीण की दिवसभर निश्चल ठेवलेल्या पाण्यातच तो दिसतो. न्हाणीत किंवा बेसिनमध्ये जे फिरते ते नळाच्या धारेमुळे, भांड्याच्या आकारामुळे किंवा हाताच्या हालचालीमुळे. एका टाकीने आणि काड्यांच्या फुलीने समजुतीतले सत्य आणि असत्य वेगळे करून दाखवले.

२५/
स्वस्त साधनांच्या शिक्षणाला चळवळीचे रूप आले ते युद्धाच्या राखेतून. दुसऱ्या महायुद्धात शाळा आणि प्रयोगशाळा बेचिराख झालेल्या देशांतील विज्ञानशिक्षकांसाठी १९४८ मध्ये युनेस्कोने एक पुस्तिका काढली. डबे, बाटल्या, मेणबत्त्या यांतून प्रयोग कसे उभारावेत हे तिच्यात होते. तिचाच विस्तार होऊन १९५६ मध्ये विज्ञानशिक्षणाचा संदर्भग्रंथ निघाला. विध्वंस झालेल्या देशांसाठी लिहिलेले ते पुस्तक, प्रयोगशाळा कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या अशा देशांनाही उपयोगी पडले.

२६/
भारतात १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ माध्यमिक शाळांतून असाच उपक्रम सुरू झाला. मुलांनी गट करून प्रयोग करायचे, निरीक्षणे नोंदवायची आणि निष्कर्ष स्वतः काढायचे. अरविंद गुप्ता १९७८ मध्ये या उपक्रमात सहभागी झाले. पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी हजारो मुलांपर्यंत ही दृष्टी नेली. फिल्मच्या रिकाम्या डब्यांचा पंप, स्ट्रॉचा फवारा ही त्यांची खेळणी म्हणजे द्रायुयामिकीचे धडेच आहेत.

२७/
होशंगाबादचा उपक्रम २००२ मध्ये शासनाने थांबवला. स्वस्त साधने हाती असली तरी अशा शिक्षणाला प्रशिक्षित शिक्षक, वेगळ्या परीक्षा आणि तासिकेत पुरेसा अवकाश लागतो. साहित्याचा खर्च कमी होतो, पण माणसांवरचा आणि वेळेवरचा खर्च वाढतो. कमी खर्चाचे प्रयोग म्हणजे फुकटचे प्रयोग, असा समज करून घेणारी कोणतीही व्यवस्था इथेच अडखळते.

२८/
आता मूळ प्रश्नाकडे. ताटातील पाण्यावर हळद भुरभुरून मध्ये साबणाचे बोट टेकवण्याचा खेळ अनेक शाळांत होतो. हळद झर्रकन कडेला पळते, मुले टाळ्या पिटतात आणि तास संपतो. पॉकेल्स यांचे पात्र या ताटापेक्षा फार वेगळे नव्हते. फरक एवढाच, की त्यांनी पृष्ठभागाचे क्षेत्रफळ बदलले, बल मोजले आणि ते वर्षानुवर्षे करीत राहिल्या. चमत्कार जिथे थांबतो, तिथे मोजमाप सुरू व्हावे लागते.

२९/
रेनल्ड्स यांचा प्रयोग छोट्या प्रमाणावर करून पाहण्याजोगा आहे. उंचावर ठेवलेली पाण्याची बादली, तिच्यातून बाहेर काढलेली सुमारे १ सेंटिमीटर व्यासाची सरळ पारदर्शक नळी, शेवटी चिमटा किंवा झडप आणि नळीच्या मुखाशी इंजेक्शनच्या सुईविना सिरिंजने हळूहळू सोडलेला खाण्याचा रंग. बादली भरल्यावर तासभर तरी हात लावू नये. धागा तुटेल त्या क्षणी झडप तशीच ठेवून लिटरभर पाणी भरायला लागलेला वेळ मोजावा आणि अंक काढावा. उत्तर २००० च्या वर आले तर नवल नाही. पाणी जितके शांत, तितका धागा अधिक टिकतो.

३०/
पाच वेळा केल्यास पाच वेगळे आकडे येतील. ते का वेगळे आले, याचा शोध घेणे हेच खरे शिक्षण. मँचेस्टरची रहदारी, शापिरो यांचे २४ तास, पॉकेल्स यांची दहा वर्षे या साऱ्यांचा अर्थ एकच: या प्रयोगांत जेवढा पैसा वाचला, तेवढी किंमत संयमाने आणि नेमकेपणाने चुकवावी लागली. ही किंमत मोजण्याची तयारी असणाऱ्यासाठी प्रयोगशाळेचे दार कधीच बंद नव्हते. पॉकेल्स यांच्यासाठी विद्यापीठाचे दार बंद असतानाही नव्हते.

(समाप्त. कोणी हा प्रयोग करून पाहिल्यास आपले आकडे खाली जरूर लिहावेत; नळीचा व्यास आणि पाणी किती वेळ स्थिर ठेवले होते, हेही नोंदवावे.)